‘गँगलियन सेल दिसल्या नाहीत’ असा रिपोर्ट आला म्हणजे हर्शस्प्रंग पक्का झाला का?

प्रश्न थोडक्यात असा. गडहिंग्लजकडचं बाळ, विचारणाऱ्यांच्या बहिणीचा मुलगा, पूर्ण दिवसांचा, आता तीन आठवड्यांचा झालाय. पहिली काळी शी तिसऱ्या दिवशी झाली, तीपण डॉक्टरांनी नळी घातल्यावर, मग पोट तट्ट फुगायला लागलं, हिरवी उलटी झाली म्हणून कोल्हापुरात आणलं. इथं खालून औषध सोडून एक्सरे काढले, मग गुदाशयातून बायोप्सी घेतली आणि रिपोर्टात लिहून आलं की ‘गँगलियन सेल दिसल्या नाहीत, सबम्युकोसा अपुरा आहे, कॅलरेटिनिन स्टेन करावा, गरज वाटल्यास पुन्हा बायोप्सी’. आता सर्जन म्हणतात परत तुकडा घेऊ. घरचे म्हणतात एकदा तर ‘दिसल्या नाहीत’ असं लिहिलंय, मग आजार आहेच की, परत कशाला त्या लेकराला त्रास, का पहिल्यावेळी कुणाचं तरी चुकलंय. आणि हे स्टेन म्हणजे नेमकं काय, त्याचा भरवसा किती.

दादा, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, कोल्हापुरातच काम करते आणि लहान मुलांच्या आतड्याच्या बायोप्सी बरीच वर्षं बघतेय, त्यामुळं सरळ सांगते. तुमच्या हातातल्या रिपोर्टावरून हर्शस्प्रंग, म्हणजे आतड्याच्या खालच्या भागात मज्जापेशी नसण्याचा जन्मजात आजार, पक्का होत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. सर्जन परत तुकडा मागतायत ते बरोबर आहे, आणि ज्यानं ‘सबम्युकोसा अपुरा’ असं स्पष्ट लिहिलं त्या पॅथॉलॉजिस्टनं तुमच्या भाच्यावर उपकारच केलेत. का ते समजायला थोडं मागं जायला लागेल, वेळ काढून वाचा.

आपलं आतडं स्वतःच्या मज्जातंतूंच्या पेशींवर चालतं. त्या पेशी म्हणजेच गँगलियन सेल. आतड्याच्या भिंतीत त्यांची दोन जाळी असतात, एक स्नायूच्या दोन थरांच्या मधे, त्याला आवरबाखचं जाळं म्हणतात, आणि एक त्याच्या आत, आतल्या अस्तराच्या खालच्या मऊ थरात, त्याला माइसनरचं जाळं म्हणतात. तो मऊ थर म्हणजे सबम्युकोसा. बाळ पोटात असताना साधारण पाचव्या ते बाराव्या आठवड्यात या पेशी वरून खाली सरकत येतात, अन्ननलिकेकडून गुदाशयाकडं. काही बाळांत त्या वाटेतच थांबतात. जिथं थांबल्या तिथून खाली शेवटपर्यंत आतड्यात गँगलियन सेल नसतात, आणि तेवढा भाग सैल पडत नाही, आवळलेलाच राहतो. हा हर्शस्प्रंग. साधारण पाच हजार जन्मांमागं एक बाळ, मुलग्यांत मुलींपेक्षा जवळपास चौपट, आणि डाउन सिंड्रोमच्या बाळांत जास्त. बहुतेक वेळा, म्हणजे दहातल्या आठ बाळांत, फक्त गुदाशय आणि त्याच्या वरचा सिग्मॉइडचा भाग एवढंच अडकलेलं असतं. वरून खाली सरकतात म्हणूनच बायोप्सी खालून घ्यायची असते, कारण आजार असला तर सगळ्यात खालचा भाग हमखास त्यात असणारच.

एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. एक्सरेत आणि पोटात फुगलेलं मोठं आतडं दिसतं म्हणून सगळ्यांना वाटतं तेच आजारी. तसं नसतं. साखर कारखान्याच्या गेटवर काटा बंद पडला की उसाच्या ट्रॅक्टरची रांग पार मागं रस्त्यावर लागते, रांग दिसते रस्त्यावर पण दोष काट्यावर असतो, तसंच हे. फुगलेला भाग निरोगी असतो, त्याच्या खालचा बारीक, साधा दिसणारा भाग आजारी. कोपनहेगनच्या हाराल्ड हर्शस्प्रंग यांनी १८८६ साली बर्लिनच्या सभेत दोन बाळांची माहिती मांडली तेव्हापासून पुढं कितीतरी वर्षं डॉक्टरही फुगलेल्या भागालाच दोष देत राहिले. खालच्या भागात गँगलियन सेल नसतात हेच मूळ, हे नीट पटल्यावर १९४८ साली ऑर्वर स्वेन्सन यांनी खालचा भाग काढून निरोगी आतडं खाली ओढून जोडायचं ऑपरेशन मांडलं. आजही सगळी ऑपरेशनं त्याच तत्त्वावर आहेत, नुसत्या पद्धती बदलल्या, आता तर बऱ्याच बाळांत पोट न उघडता खालूनच करतात.

पहिल्या शीबद्दल बोलते कारण आपल्याकडं इथंच दिवस जातात. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त बाळं पहिल्या चोवीस तासांत काळी शी करतात आणि अठ्ठेचाळीस तासांत जवळपास सगळीच. त्याच्यापुढं गेलं की डॉक्टरांना दाखवायचंच, वाट बघायची नाही. गावाकडं अजून विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून घालतात, साबणाची वडी घालतात, घुटीत एरंडेल देतात. देठानं शी होतेपण, कारण आवळलेला भाग थोडा उघडतो आणि अडकलेलं भसकन बाहेर येतं. घरच्यांना वाटतं मोकळं झालं, आणि आजार तसाच राहतो. बाळंतिणीच्या खाण्यावर खापर फुटतं ते वेगळंच, तुमच्या बहिणीलापण कुणी काही बोललं असेल तर त्यांना सांगा की हे आईच्या खाण्यानं, दुधानं, कशानंच होत नाही. हे गर्भातल्या पहिल्या तीन महिन्यांत ठरून गेलेलं असतं.

तरी उशिरा शी झालेलं प्रत्येक बाळ हर्शस्प्रंगचं नसतं हेही तितकंच खरं. थायरॉइड कमी असणं, घट्ट काळ्या शीचा बूच बसणं, आईला डायबेटिस असेल तर डाव्या बाजूचं मोठं आतडं काही दिवस बारीक राहणं, गुदद्वारच बारीक असणं, अशी बरीच कारणं आहेत. एक्सरेनं अंदाज येतो, बारीक भाग कुठं संपतो आणि फुगीर कुठं सुरू होतो ते दिसतं, पण पहिल्या काही आठवड्यांत मागचं आतडं पुरेसं फुगलेलंच नसतं म्हणून एक्सरे साधा दिसला तरी आजार असू शकतो, आणि संपूर्ण मोठ्या आतड्यात आजार असेल तर हा फरक दिसणारच नाही. म्हणून शेवटचा शब्द बायोप्सीचा.

नवजात बाळात ही बायोप्सी बहुतेक सक्शननं घेतात. बारीक नळी आत सरकवायची, तिच्या बाजूच्या भोकात हवेच्या ओढीनं अस्तर खेचलं जातं आणि आतलं पातं तो तुकडा कापतं. ऑस्ट्रेलियात हेलन नोबलेट यांनी १९६९ साली यासाठी खास नळी मांडली, तेव्हापासून बाळाला पूर्ण भूल द्यायची गरज राहिली नाही, कारण त्या पातळीवर गुदाशयाच्या अस्तराला आपल्या कातडीसारखं दुखणं कळत नाही. हे घरच्यांना नक्की सांगा, दुसऱ्यांदा बायोप्सी म्हणजे दुसरं ऑपरेशन नाही. थोडं रक्त येऊ शकतं, भोक पडणं फार क्वचित, म्हणून नंतर काही तास लक्ष ठेवतात. मोठ्या मुलात अस्तर जाड होतं, सक्शनमधे खोल तुकडा येत नाही, तिथं भूल देऊन घेतात.

पण ह्या सोयीचीच एक मर्यादा आहे. तुकडा मिळतो जेमतेम तीन मिलीमीटरचा, आणि त्यात फक्त अस्तर आणि त्याच्या खालचा सबम्युकोसा असतो, स्नायूचा जाड थर येतच नाही. म्हणजे आम्हाला फक्त माइसनरच्या जाळ्यावरच निदान करायचं असतं, आणि ते जाळं सबम्युकोसात ठिपक्या ठिपक्यानं विखुरलेलं असतं. निरोगी बाळातसुद्धा तुकड्याच्या एका कापात एकही गँगलियन सेल नसणं अगदी साधी गोष्ट आहे.

आता लॅबमधे काय होतं ते बघा. तुकडा फॉर्मलिनमधे पक्का करतात, मग मेणात बसवून ब्लॉक बनवतात, तो मायक्रोटोमवर चार-पाच मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) पातळ कापांत कापतात आणि काचेवर घेतात. तसाच काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर जवळपास काहीच दिसत नाही, सगळं पारदर्शक, म्हणून रंगवायचं. रोजचा रंग हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनचा, एच अँड ई म्हणतो आम्ही. हिमॅटॉक्सिलिन एका झाडाच्या लाकडातून येतं, ते पेशीचं केंद्रक निळं-जांभळं करतं, इओसिन बाकीचं गुलाबी. मोठ्या माणसातली गँगलियन सेल यात सहज ओळखू येते, मोठी पेशी, गोल केंद्रक एका बाजूला सरकलेलं, त्यात ठळक ठिपका. नवजात बाळात तसं नसतं. पेशी लहान असतात, तो ठिपका नीट दिसत नाही, तीन-चार एकत्र दाटीनं बसलेल्या असतात आणि रक्तवाहिनीच्या अस्तराची पेशी, प्लाझ्मा सेल, आडवी कापली गेलेली स्नायूपेशी यांच्यासारख्या वाटतात. अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर अजून अवघड. इथं डोळ्याला सवय लागते, आणि रोज प्रौढांच्या गाठी बघणाऱ्या माणसाला ती सवय नसणं स्वाभाविक आहे.

आता मुद्दा नीट समजून घ्या, कारण तुमचा सगळा प्रश्न इथंच आहे. एक जरी खात्रीची गँगलियन सेल दिसली तर त्या पातळीवर आजार नाही, काम संपलं. पण ‘नाही’ म्हणायचं असेल तर आधी हे सिद्ध करायला लागतं की जिथं त्या असायला पाहिजेत ती जागा मी पुरेशी बघितली. म्हणून आम्ही एकच काप बघून थांबत नाही, ब्लॉक संपेपर्यंत पन्नास-शंभर काप ओळीनं बघतो. तुकड्यात सबम्युकोसा किती आलाय ते बघतो, साधारण तुकड्याच्या जाडीचा निदान एक तृतीयांश तरी तो पाहिजे. तुमच्या रिपोर्टात लिहिलंय की सबम्युकोसाच अपुरा आहे. म्हणजे जिथं शोधायचं ती जागाच तुकड्यात नीट आलेली नाही. तिथं गँगलियन सेल दिसल्या नाहीत ह्याला अर्थच फार कमी उरतो. अशा तुकड्यावर कुणी ठामपणे ‘हर्शस्प्रंग आहे’ असं लिहिलं असतं आणि बाळाचं ऑपरेशन झालं असतं, तर मला त्याची जास्त भीती वाटली असती.

दुसरी गोष्ट पातळीची. गुदद्वाराच्या आत एक दातेरी रेषा असते, तिच्या लगेच वर एखाद सेंटीमीटर निरोगी बाळातही गँगलियन सेल मुळातच विरळ असतात. तिथला तुकडा घेतला तर निरोगी बाळ आजारी ठरेल. म्हणून रेषेच्या दोन सेंटीमीटर तरी वर घ्यायचा, आणि शक्यतो वेगवेगळ्या उंचीवरचे दोन-तीन तुकडे वेगवेगळ्या बाटलीत, बाटलीवर उंची लिहून. तुकड्याच्या कडेला कातडीसारखं चपट्या पेशींचं अस्तर दिसलं की आम्हाला कळतं तुकडा फार खालचा आहे. फार वरचा घेतला तर उलटी अडचण, अगदी खालचा छोटा आजारी पट्टा हुकायचा.

एच अँड ईमधेच आणखी एक खूण मिळते. आजारी भागात स्वतःच्या पेशी नसल्या तरी बाहेरून, पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाकडून येणाऱ्या नसा येतच असतात, आणि त्या जाड जाड होतात. सबम्युकोसात चाळीस मायक्रॉनपेक्षा जाड नसा दिसल्या आणि गँगलियन सेल नाहीत, तर संशय बळावतो. पण ह्यालासुद्धा आधी सबम्युकोसाच पाहिजे. आणि नुसत्या जाड नसांवर निदान करायचं नाही, अगदी लहान बाळात आणि आजार लांबवर असेल तेव्हा त्या जाड नसतातही.

ह्या बाहेरच्या नसांवरच पहिला मोठा खास स्टेन उभा राहिला, असिटिलकोलिनएस्टरेजचा. स्वित्झर्लंडच्या बाझेलमधे मायर-रूगे यांनी साठीच्या दशकाच्या शेवटाला आणि पुढं तो रुजवला. ह्या नसांत तो एन्झाइम भरपूर असतो. कापावर त्याचं खाद्य टाकायचं, जिथं एन्झाइम असेल तिथं तांब्याचा तपकिरी साका जमतो. निरोगी अस्तरात असले धागे तुरळक, आजारी अस्तरात मस्क्युलॅरिस म्युकोझी ह्या पातळ स्नायूपट्टीत आणि त्याच्या वर अस्तरात तपकिरी धाग्यांचं जाळंच जाळं. फार सुंदर स्टेन आहे, आणि इथं ‘नाही’ शोधायचं नसतं, ‘आहे’ शोधायचं असतं, ही त्याची ताकद. ज्या केंद्रात वर्षानुवर्षं रोज करतात तिथं तो आजही उत्तम चालतो.

अडचण ही की एन्झाइम जिवंत पाहिजे. तुकडा फॉर्मलिनमधे टाकला की खेळ संपला. ताजा तुकडा ओल्या गॉजमधे गुंडाळून लगेच लॅबला, तिथं गोठवून क्रायोस्टॅटवर, म्हणजे गोठलेला तुकडा कापायच्या थंड यंत्रावर, उणे वीसच्या आसपास कापायचा, रसायनं ताजी, त्यांचा पीएच जागेवर. लॅब दुसऱ्या गावात असेल तर कोरड्या बर्फात पाठवायचा. पहिल्या काही आठवड्यांच्या बाळात धागे पुरेसे वाढलेलेच नसतात म्हणून आजार असून स्टेन साधा दिसू शकतो, आणि मोठ्या आतड्याचा सगळाच भाग आजारी असेल तेव्हापण. आपल्या भागातल्या माणसांना २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आठवत असेल, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, कोल्हापुरातून पुण्याकडं काही जात नव्हतं. अशावेळी बर्फातल्या तुकड्याचं काय होणार. मेणाचा ब्लॉक मात्र टेबलावर महिनाभर पडला तरी त्याला काही होत नाही. कॅलरेटिनिन ब्लॉकवर होतो, म्हणून छोट्या शहरांसाठी तो आल्यानं खरोखर फरक पडला, हे मी मनापासून सांगते.

कॅलरेटिनिन हे काही मज्जापेशींत असणारं कॅल्शियम धरणारं प्रथिन. २००४ च्या सुमारास हर्शस्प्रंगसाठी त्याचा वापर छापून आला आणि दहाएक वर्षांत बऱ्याच ठिकाणी रुळला. ही इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे त्या प्रथिनालाच जाऊन चिकटणारी अँटिबॉडी कापावर टाकायची आणि ती जिथं चिकटली तिथं तपकिरी रंग उमटवायचा. सबम्युकोसातल्या गँगलियन सेल यात ठळक तपकिरी होतात, म्हणजे एच अँड ईमधे ज्या पेशीवर शंका होती तिचं उत्तर मिळतं. पण खरी मोलाची गोष्ट वेगळी आहे. ह्या पेशींचे केसासारखे बारीक धागे वर अस्तरात, लॅमिना प्रोप्रियात आणि मस्क्युलॅरिस म्युकोझीत, पसरलेले असतात आणि तेही तपकिरी होतात. पेशी असेल तर धागे, पेशी नसेल तर धागे नाहीत. म्हणजे सबम्युकोसा थोडाच आला असला तरी अस्तर बघून पुष्कळ कळतं. तुमच्या पॅथॉलॉजिस्टनं कॅलरेटिनिन सुचवलंय ते ह्याचसाठी.

मी बघताना आधी कंट्रोल बघते. त्याच काचेवर दुसऱ्या निरोगी अपेंडिक्सचा किंवा आतड्याचा काप ठेवलेला असतो, तो नीट रंगलाय का. तो रंगला नसेल तर बाळाच्या तुकड्यातलं ‘धागे नाहीत’ हे रद्दच, पुन्हा स्टेन करायला सांगायचं. मग मास्ट सेल बघते, त्याही कॅलरेटिनिननं रंगतात आणि आजारी-निरोगी दोन्ही अस्तरात असतात, त्या रंगलेल्या दिसल्या म्हणजे निदान त्या तुकड्यात अँटिबॉडी पोचली एवढं समजतं. नवीन बघणाऱ्यांची इथंच फसगत होते, मास्ट सेल एकटी, गोलसर, दाणेदार असते, तिला धाग्याचा तुकडा समजून ‘पॉझिटिव्ह’ लिहायचं नाही. धागा लांबट, वळणावळणाचा, ठिपक्यांच्या माळेसारखा जातो. हे बघून झालं की मगच मोठ्या लेन्सवर अस्तराच्या प्रत्येक खोबणीच्या बाजूनं सावकाश जायचं.

तरी हा स्टेन एकट्यानं सगळं ठरवतो असं समजू नका. जिथं आजारी भाग संपून निरोगी सुरू होतो त्या मधल्या पट्ट्यात धागे फिके, तुरळक दिसतात, आजार फारच थोड्या लांबीचा असेल तर तुकडा नेमका त्या पट्ट्यातून येऊ शकतो. फार अपुऱ्या दिवसांच्या बाळात पेशीच कोवळ्या असतात, तिथं शक्य असेल तर बाळ थोडं वाढेपर्यंत थांबतात. तुकडा फॉर्मलिनमधे गरजेपेक्षा जास्त दिवस राहिला, किंवा उशिरा टाकला, तर स्टेन फिका येतो. म्हणून चांगल्या रिपोर्टात एच अँड ई, कॅलरेटिनिन, तुकड्याची उंची, बाळाचं वय आणि बाळाची लक्षणं हे सगळं जुळवून मत दिलेलं असतं, आणि जुळत नसेल तर तसं लिहिलेलं असतं.

आता तुमच्या भाच्याचं. आहे त्याच ब्लॉकवर कॅलरेटिनिन करायला आजच सांगा, त्यासाठी बाळाला हात लावायला लागत नाही. त्यात अस्तरात स्पष्ट, भरपूर धागे दिसले आणि तुकडा योग्य उंचीचा असेल तर हर्शस्प्रंग जवळजवळ बाजूला पडतो, कदाचित दुसरी बायोप्सी टळेल, मग थायरॉइडपासून बाकीची कारणं शोधायची. धागे अजिबात नसतील, कंट्रोल बरोबर असेल, तर हर्शस्प्रंगची शक्यता फार वाढते, पण एवढ्या अपुऱ्या तुकड्यावर मी स्वतः बाळाचं आतडं काढायला हो म्हणणार नाही, पुरेसा सबम्युकोसा असलेला दुसरा तुकडा मागेनच. काही पॅथॉलॉजिस्ट अशा वेळी नुसत्या कॅलरेटिनिनवर निदान देतात, त्यांच्याकडं तसा अनुभव असतो, तरी एकदाच होणाऱ्या मोठ्या ऑपरेशनच्या आधी दोन-चार दिवस थांबून खात्री करणं मला बरं वाटतं. धागे फिके किंवा मधूनच असतील तर दुसरी बायोप्सी लागणारच.

कुणाचं चुकलं का, तर नाही. चांगल्या मोठ्या केंद्रातसुद्धा दहातल्या एखाद्या सक्शन बायोप्सीत पुरेसा सबम्युकोसा येत नाही. बाळ रडतं, नळी सरकते, अस्तर पूर्ण ओढलं जात नाही. ह्यात हलगर्जीपणा शोधत बसू नका, वेळ जाईल.

त्यापेक्षा ह्या मधल्या दिवसांत बाळाकडं डोळ्यात तेल घालून बघा. निदानाची वाट बघताना ह्या बाळांना आतड्याला सूज येऊन जंतू पसरू शकतात, एन्टेरोकोलायटिस म्हणतात त्याला, आणि ह्या आजारात बाळं दगावतात ती मुख्यतः ह्यानं. पोट अचानक जास्त फुगलं, ताप आला, बाळ मलूल पडलं, दूध ओढेना, घाण वासाची पातळ शी पिचकारीसारखी झाली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी लगेच हॉस्पिटल. ‘शी तर होतेय की’ म्हणून थांबू नका. पातळ शी बघून जुलाबाचं औषध देऊन घरी ठेवलेली बाळं फार उशिरा पोचतात. सर्जननी नळीनं आतडं धुवायला शिकवलं असेल तर ते फक्त नॉर्मल सलाइननंच, त्यांनी सांगितलेल्या मापानं. साधं पाणी किंवा साबणाचं पाणी अजिबात नको, फुगलेल्या आतड्यातून साधं पाणी अंगात शोषलं जाऊन बाळाच्या रक्तातलं मीठ पातळ होतं आणि झटके येऊ शकतात. देठ, वडी, एरंडेल, सगळं बंद.

निदान पक्कं झालं आणि ऑपरेशन ठरलं तर तिथंही स्टेनचं काम संपत नाही. ऑपरेशन चालू असताना सर्जन आतड्याच्या भिंतीचे छोटे तुकडे पाठवतात, आम्ही ते गोठवून पंधरा-वीस मिनिटांत एच अँड ई करून सांगतो इथं गँगलियन सेल आहेत का, आणि त्यावर किती वरून ओढून जोडायचं ते ठरतं. आजारी आणि निरोगीची सीमा सरळ रेषेत नसते, एका बाजूला पेशी असतात आणि समोरच्या बाजूला त्याच उंचीवर नसतात, म्हणून जोडायच्या टोकाचं पूर्ण कडं तपासलेलं चांगलं, आणि जिथं पेशी सापडल्या त्याच्या अजून थोडं वर जोडतात. तेव्हा सर्जनना एवढं जरूर विचारा की ऑपरेशनच्या वेळी फ्रोझन सेक्शन बघायला पॅथॉलॉजिस्ट हजर असणार आहे का. सोय नसेल तर जिथं आहे तिथं, कोल्हापूर, मिरज, पुणे, मुंबई कुठंही, ठरवून करा. तोपर्यंत धुण्यानं पोट हलकं राहत असेल तर थोडं थांबता येतं, राहत नसेल तर आधी पोटावर शीचा रस्ता काढून बाळाला सावरतात आणि नंतर निवांत पुढचं करतात. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत लहान मुलांच्या शस्त्रक्रियांची पॅकेजेस आहेत, ज्या हॉस्पिटलला जाणार तिथल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड दाखवून आधीच विचारा.

सख्ख्या भावंडांत हा आजार होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, आणि आजार जितका लांबवर तितकी ती वाढते. आरईटी नावाच्या जनुकाचा त्यात मोठा वाटा आहे. पुढच्या बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना हे सांगून ठेवायचं आणि त्या बाळाच्या पहिल्या शीकडं लक्ष द्यायचं, एवढं पुरे.

दुसरी बायोप्सी होईल तेव्हाचं शेवटचं सांगते. फॉर्मवर बाळाचं नुसतं नाव-वय नको, किती आठवड्यांचं जन्मलं, पहिली शी कधी झाली, एक्सरेत काय दिसलं आणि प्रत्येक तुकडा दातेरी रेषेपासून किती सेंटीमीटरवरचा, हे लिहिलंय का बघा, नसेल तर निवासी डॉक्टरांना नम्रपणे लिहायला सांगा, आम्हाला ह्या माहितीचा फार उपयोग होतो. पहिला ब्लॉक आणि काचा लॅबकडून मागून घेता येतात, त्या दुसऱ्या बायोप्सीच्या पॅथॉलॉजिस्टकडं सोबत पाठवा, म्हणजे दोन्ही एकाच डोळ्यानं एकत्र बघितल्या जातील. ब्लॉक उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. कॅलरेटिनिनचा रिपोर्ट आला की त्यातल्या तीन गोष्टी मला कळवा, कंट्रोल रंगला का, धागे दिसले का, सबम्युकोसाबद्दल काय लिहिलंय. त्यावरून पुढचं सांगते.